उथळ खाडीसाठी किती फुटी बोट? चौदा फुटी फायबर वापरून झाल्यावरचा पुणेकराचा रिव्ह्यू

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. पुण्यात राहायचं, सुट्टीला कोकणात खाडीवर जाऊन गरवायचं (गळाने मासे धरायचे), बहुतेक वेळा दोघंच, कधीतरी तिसरा चिकटतो, एवढीच गरज असेल तर चौदा फूट लांब, पाच फूट रुंद, तळ जवळजवळ चपटा आणि फक्त नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, थोडा व्ही असलेली फायबरची बोट घ्या आणि मागे १५ एचपीचं इंजिन लावा, विषय संपला. माझ्याकडे हीच आहे आणि बऱ्यापैकी घासून वापरून झाली आहे, रेवदंड्याच्या खाडीत, बाणकोटला, दाभोळच्या आतल्या बाजूला. मित्राची दहा फुटी रबरी आणि ओळखीतल्या एकाची अठरा-एकोणीस फुटी पण भरपूर वापरली आहे त्यामुळे तुलना ऐकीव नाही.

आता सविस्तर, कारण सगळे जण सुरुवात एकाच ठिकाणी करतात आणि ती जागाच चुकीची आहे. पाणी उथळ ना, मग बोट लहान घेऊ. अरे पण लहान म्हणजे काय? बोट पाण्यात किती बुडते याचा लांबीशी थेट संबंध नसतो, वजन किती आणि ते वजन पाण्यावर किती पसरलंय याच्याशी असतो. इथे पुण्यात मुळेवर कॉलेजच्या बोट क्लबची पोरं वल्हवतात त्या रेसच्या एकट्याच्या बोटी बघा कधी, सत्तावीस फुटांच्या आसपास लांब असतात, वजन चौदा किलोच्या आगेमागे, आत माणूस बसला तरी बोटीचं अंग वीतभरही पाण्याखाली जात नाही. सत्तावीस फूट!

साधा हिशोब करून बघा, शाळेतलाच आहे. चौदा बाय पाचची बोट, नाळेकडे निमुळती होते ते वजा केलं तर पाण्याला टेकलेलं क्षेत्रफळ धरा पंचावन्न चौरस फूट. ही बोट एक इंच अजून खाली जायला खाऱ्या पाण्यात साधारण एकशे तीस किलो वजन लागतं, म्हणजे दोन मध्यम माणसं चढली की एक इंच. दहा बाय चारची छोटी बोट घेतली तर क्षेत्रफळ तीस चौरस फुटांवर येतं आणि मग सत्तर-बाहत्तर किलोलाच एक इंच, म्हणजे एका माणसामागे एक इंच. मोठी बोट स्वतः जड असते हे खरंय, पण सामान, पेट्रोल, बर्फाची पेटी, बॅटरी, दोन माणसं आणि इंजिन टाकल्यावर दोन्हींमधला फरक दोन-तीन इंचांच्या वर राहत नाही. आणि त्या दोन-तीन इंचांसाठी तुम्ही चार फूट लांबी सोडून देता.

शिवाय बोटीचा तळ सहा इंच बुडाला म्हणून सहा इंच पाण्यात जाता येतं असं कोणी सांगत असेल तर त्याला इंजिन कुठे लावलंय विचारा. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती तळाच्या पातळीला येते, पंखा आणि त्याखालचं पातं त्याच्याही खाली फूटभर लटकतं. म्हणजे इंजिन पूर्ण खाली असताना दीड फूट पाणी हवंच, मग बोट दहा फुटी असो की सोळा. इंजिनाला उथळ पाण्याची खाच असते, थोडं वर उचलून हळू चालवता येतं, पण त्यातही चिखल ढवळला की इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेत गाळ जातो. म्हणून शेवटचे दोनशे फूट इंजिन वर आणि बांबू हातात.

पण खरी गंमत वेगळीच आहे. आपण सगळे यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून बोटी ठरवतो. टेक्सासमधलं लगुना माद्रे किंवा फ्लोरिडाचे उथळ पट्टे, तिथे मैलोनमैल कंबरभर पाणी असतं, आणि त्या मेक्सिकोच्या आखाताकडच्या बाजूला भरती-ओहोटीचा फरक दिवसभरात फूट-दोन फूट. म्हणजे सकाळी जिथे कंबरभर होतं तिथे संध्याकाळी मांडीभर. त्यामुळे त्यांना एकेका इंचाची किंमत आहे, ते सोळा-अठरा फुटी हलक्या स्किफ बांबूने ढकलत फिरतात आणि उघड्या मोठ्या बेमधे वीस ते चोवीस फुटी बे बोटी चालवतात. आपल्याकडे मुंबईला उधाणाच्या भरतीला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, रायगडच्या खाड्याही फार मागे नाहीत. सकाळी तिवरांच्या शेंड्यांजवळून बोट नेलीत ती जागा दुपारी कोरडा चिखल, त्यावर खेकडे फिरतायत आणि तुम्ही बोटीत बसून पाणी यायची वाट बघताय. उथळपणा इथे नकाशात नसतो, घड्याळात असतो. तुमची बोट सात इंच बुडते की दहा इंच याने ओहोटीला पंधरा मिनिटांचा फरक पडेल फार तर.

मग बोटीचा साइज ठरतो कशावर? माझ्या मते दोनच गोष्टींवर. एक, ओहोटीला अडकलात तर दोघांना ती चिखलावरून ढकलून पाण्यात नेता येते का. दोन, दुपारचा वारा सुटल्यावर ती तुम्हाला कोरडं परत आणते का. पहिल्यासाठी बोट हलकी हवी, दुसऱ्यासाठी लांब हवी, आणि या दोन्ही बाजूंच्या ओढाताणीत चौदा फूट बसतं. पंधरा म्हणा हवं तर. बारा फुटीत वारा नडतो, सोळाच्या पुढे चिखल नडतो.

वाऱ्याचं जरा नीट सांगतो कारण पुण्याहून जाणारे सगळे इथेच फसतात. सकाळी मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे, खाडी एकदम शांत, आपल्याला वाटतं वा काय पाणी आहे, आपण जातो खाडीच्या तोंडापर्यंत. अकरा-बारानंतर समुद्राकडून वारा फिरतो, वायव्येचा, आणि थंडी-उन्हाळ्यात रोज फिरतो, यात नवल काही नाही. आता पौर्णिमा-अमावास्या असेल तर भरती साधारण बाराला पूर्ण होते (तिथीची पाऊणपट हा हिशोब खाडीवर कोणीही सांगेल, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा), म्हणजे दुपारी एक ते पाच पाणी जोरात बाहेर चाललंय आणि वारा आत येतोय. दोघं समोरासमोर. त्यात तोंडाशी वाळूचा दांडा असतोच, तिथे पाणी उथळ म्हणून लाट अजून उभी होते. फुट-दीड फुटाच्या लाटा, पण एकीच्या पाठीत दुसरी. दहा फुटी बोट त्या प्रत्येक लाटेत नाक खुपसते कारण दोन लाटांमधल्या खड्ड्यात ती अख्खी मावते. चौदा फुटी दोन लाटांवर टेकून जाते, आपटते जबरदस्त, कंबर हलते, पण पाणी आत घेत नाही. रेवदंड्याला जाळी विणत बसलेले एक म्हातारबाबा आमच्याकडची रबरी बोट बघून म्हणाले होते, "अरं पान्याचा काय बगतस, वाऱ्याचा बग." त्यांनी बोटीला हातसुद्धा लावला नाही, नुसती मागची नळी बघितली आणि परत जाळ्यात डोकं घातलं.

त्या रबरीबद्दल. वाईट नाहीये ती, पहिलीच बोट घेणाऱ्याला मोह होणारच. घडी घालून डिकीत जाते, सोसायटीत कोणी विचारत नाही, लिफ्टने चौथ्या मजल्यावर नेता येते, ॲल्युमिनियमच्या फळ्यांची असेल तर पन्नासेक किलो, दोन पिशव्यांमधे विभागून. पवनेला किंवा कुठल्याही शांत पाण्याला एकट्याला मस्त. पण गळ टाकायला उभं राहायचं म्हटलं की खरं कळतं. जाहिरातीत रुंदी पाच फूट लिहितात, त्यातल्या दोन्ही बाजूच्या नळ्या सतरा-सतरा इंचांच्या, म्हणजे आत पाय ठेवायला उरतात सव्वादोन फुटांच्या आसपास. त्यात पेट्रोलची टाकी, बर्फाची पेटी, टॅकल बॉक्स आणि चार पाय. एकाने रॉड मारला की दुसऱ्याने वाकायचं. नळीत हवा किती, तर साडेतीन पीएसआयच्या आसपास, गाडीच्या टायरमधे तीस-बत्तीस असते, त्यामुळे भर उन्हात नळी फुगून टणक होते आणि संध्याकाळी पाण्यात ढिली पडते, दिवसभर व्हॉल्व्हशी खेळत बसा. आणि खाडीतल्या प्रत्येक दगडावर, जेटीच्या प्रत्येक खांबावर कालवं चिकटलेली असतात ब्लेडसारखी. एकदा घासली की गेली. शिंगाळ्याचे काटे वेगळे. वाऱ्यात ती सरळ राहतच नाही, तुम्ही गळ तिवराच्या मुळाशी टाकताय आणि बोट चाललीय पलीकडच्या काठाला.

मोठीबद्दल थोडक्यात, कारण मोठी घेणारे असे रिव्ह्यू वाचत नाहीत, घेऊन मोकळे होतात. अठरा-वीस फुटी, मधे उभं राहून चालवायचं कन्सोल, मागे ६० किंवा त्याच्या वरचं इंजिन. चालवायला स्वर्ग. खाडीच्या बाहेर जाऊन रावस-सुरमई करायची तर हीच पाहिजे, चौदा फुटीने बाहेर जाऊ नका, गेलेले आहेत लोक पण जाऊ नका. अडचण अशी की इंजिनासकट वजन सातशे-आठशे किलोच्या घरात जातं, ती ओढायला ट्रेलर, ट्रेलरला आरटीओ पासिंग, ओढायला दणकट गाडी, आणि ताम्हिणीच्या वळणांवर ट्रेलर घेऊन उतरायची छाती. खाली पोचल्यावर बोट पाण्यात सोडायला उतार कुठाय? जेटीला लागून जो धक्का असतो तो होड्या वर ओढायला केलेला, ओहोटीला त्याच्या खाली दहा फूट चिखल. म्हणजे भरतीलाच सोडायची, भरतीलाच काढायची, आणि मधे कुठे टेकली तर पुढचं पाणी येईपर्यंत तिथेच, चार माणसं लावली तरी हलत नाही. आम्ही अशा वेळी बोटीत बसून भेळ खाल्लेली आहे, जिताडा नाही.

आता चौदा फुटीकडे. बोटीचं स्वतःचं वजन दीडशे किलोच्या आत आहे, इंजिन काढून ठेवलं तर ओल्या चिखलावरून दोघं सरकवू शकतात. उचलू नाही शकत, सरकवू शकतात. पायात बूट मात्र पाहिजेत, कालवांमुळे. तळ चपटा असल्यामुळे उभं राहिलं तरी डुगडुगत नाही, पुढे फळ्यांचा साडेतीन फुटांचा डेक करून घेतलाय त्यावर एक जण उभा राहून गळ मारतो, मागे दुसरा. तीन माणसं बसतात पण तिघं गरवू शकत नाहीत. अमेरिकेत एक ठोकताळा आहे, लांबी गुणिले रुंदी फुटांमधे आणि भागिले पंधरा म्हणजे किती माणसं, त्याने हिची क्षमता चार येते. ते नुसतं बसून फिरायला. रॉड फिरवायचे असतील तर त्याच्या निम्मी माणसं धरा, कुठल्याही बोटीला हे लागू.

चपट्या तळाचा तोटा म्हणजे आपटणं, आणि दुसरा, ज्याबद्दल विकणारा अवाक्षर काढत नाही, आवाज. छोट्या लाटा पुढच्या भागाखाली थप्प थप्प वाजतात आणि उथळ पाण्यात जिताड्याला तो आवाज लांबून कळतो. तांबोशी तर मुळांमधे घुसली की बाहेर येतच नाही. नाळेकडचा व्ही अजून दोन फूट मागेपर्यंत ओढलेला असता तर हे कमी झालं असतं. म्हणून ऑर्डर देताना साचा उलटा करून बघा, नुसता वरून फोटो बघू नका.

इंजिन १५ एचपी, दोन माणसं आणि सामान असताना बोट आरामात प्लेनवर येते (म्हणजे वर उचलून पाण्यावरून घसरत जाते), तिसरा बसला की नाक हवेत जातं आणि पुढचं दिसत नाही. याला उपाय इंजिन मोठं घेणं हा नाही, वजन पुढे नेणं हा आहे. नवीन बोटीत सगळं मागे असतं, इंजिन मागे, टाकी मागे, चालवणारा मागे, बॅटरी पण मागेच ठेवायची जागा करून देतात, मग मागची बाजू बसते आणि त्याच बोटीचा मागचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्यात बुडणारा भाग, तीन-चार इंचांनी वाढतो. आम्ही टाकी मधल्या फळीखाली आणली, बॅटरी पुढच्या डेकखाली, आणि इंजिनच्या दांड्याला पाइपचा जोड लावून चालवणारा दीड-दोन फूट पुढे बसवला. फरक लगेच कळतो. खर्च शून्यच म्हणा. टू स्ट्रोक असेल तर इंजिनाचं वजन चाळीस किलोच्या आतबाहेर, फोर स्ट्रोकला दहा-बारा किलो जास्त, पण फोर स्ट्रोक हळू चालवताना कुरकुर करत नाही, धूर नाही, तेल मिसळत बसावं लागत नाही. मी फोर स्ट्रोक म्हणेन. पूर्ण ताकदीने चालवलं तर तासाला पाच-सहा लिटर पेट्रोल जातं पण पूर्ण ताकदीने खाडीत चालवतंय कोण, सगळीकडे जाळी लावलेली असतात.

एक महत्त्वाचं, ट्रान्समची उंची. मागची फळी जिला इंजिन अडकवतात ती पंधरा इंची आहे की वीस इंची हे स्वतः टेप लावून मोजा आणि मगच इंजिन शॉर्ट शाफ्ट (आखूड पायाचं) की लाँग शाफ्ट (लांब पायाचं) ते ठरवा. पंधराच्या फळीवर लाँग शाफ्ट लावलं तर पंखा पाच इंच जास्त खोल, म्हणजे उथळ पाण्यासाठी जे काही मिळवलं ते सगळं गेलं. उलटं केलं तर पंखा हवा खातो.

इंजिनासोबत पुढे एक बारा व्होल्टची ट्रोलिंग मोटर (बोट हळू हलवायची बॅटरीवरची छोटी मोटर) लावली आहे, ५५ पाउंड थ्रस्टची. हिशोब असा सांगतात की भरलेल्या बोटीच्या दर शंभर पाउंडांना दोन पाउंड थ्रस्ट, आमची भरलेली बोट हजार पाउंडांच्या आसपास म्हणजे वीस पुरायला पाहिजे, पण तो हिशोब तळ्याचा आहे, ओहोटीच्या ओढीत दुप्पट सुद्धा कमी वाटतं. पूर्ण वेगाला ती पन्नास अँपिअर खेचते म्हणजे शंभर अँपिअर-तासाची बॅटरी दोन तासात आडवी, आणि साधी लेड ॲसिड असेल तर अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही म्हणून तासाभरातच. हळू चालवली तर दिवस निघतो. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी लावायचा विचार पुण्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात येतोच येतो, दीडशे अँपिअरवाली उचलून बघा एकदा, पन्नास किलोच्या वर भरते, आणि लाइट गेले की घरचे विचारणार बॅटरी कुठाय. लिथियम घ्या, शंभर अँपिअरची बारा-तेरा किलोत येते. महाग आहे, पण ढकलायला निम्मी मेहनत.

आता तक्रार. बोट ज्यांच्याकडून करून घेतली त्यांचं नाव लिहीत नाही, किनाऱ्यावरचा छोटा कारखाना आहे, माणसं वाईट नाहीत. पण ट्रान्समच्या आत जी प्लायवूड असते तिला इंजिनाच्या बोल्टसाठी भोकं पाडली आणि भोकांच्या कडा तशाच सोडल्या. बोल्ट काढला तर आत कच्च्या लाकडाच्या कडा दिसतात, हाताला ओलसर लागतात, नखाने खरवडलं तर तंतू निघतात. म्हणजे पाणी आत जायला मोकळी वाट. हे असंच राहिलं तर वर्षा-दोन वर्षात फळी आतून कुजते आणि बाहेरून जेलकोट (फायबरचा वरचा थर) चकचकीतच दिसतो. त्यांना दाखवलं तर म्हणाले सगळे असंच करतात साहेब, सिलिकॉन मारा. सिलिकॉन नाही, भोक मोठं करून इपॉक्सीने भरायचं आणि त्यातून परत पाडायचं, ते काम शेवटी इथे पुण्यात ओळखीच्या फायबरवाल्याला सांगून करून घेतलं. दुसरं म्हणजे चौदा फूट म्हणजे त्यांनी नाळेच्या टोकापासून मोजलेले चौदा, आतून जमीन साडेदहा फूटच आहे. सात फुटी एकसंध रॉड बाजूच्या कप्प्यात मावत नाहीत, तिरके ठेवावे लागतात. आणि बसायच्या फळीखाली थर्मोकोल भरलाय का हे विचारलंत तर हो म्हणतात, ठोकून बघा, पोकळ वाजलं तर परत विचारा. बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहायला पाहिजे, तो भराव त्यासाठीच असतो. यासाठी कारखान्याला पाचात तीन.

पुण्यातली बाजू. चौदा फुटी बोट सोसायटीच्या पार्किंगमधे ठेवण्याचा विचार असेल तर सोडून द्या, चेअरमन पहिल्या मीटिंगला विषय घेणार, लहान मुलं आत बसून खेळणार आणि पावसाळ्यात डेंग्यूवाले येऊन नोटीस देणार. आम्ही बोट खाडीकाठच्या एका ओळखीच्या वाडीत उलटी करून, खाली ओंडके देऊन ठेवतो, त्या दादांना दरमहा काहीतरी देतो आणि कधीमधी ते स्वतः वापरतात, वापरलेली बरीच असते उलट. फक्त इंजिन, बॅटरी, टाकी आणि ट्रोलिंग मोटर गाडीतून पुण्याला परत. हा सगळा कारभार जमतो कारण बोट चौदा फुटी आहे, वाडीच्या गेटमधून आत जाते आणि दोन माणसं ओंडक्यांवरून सरकवतात. इंजिन डिकीत आडवं ठेवताना कोणती बाजू खाली हे मॅन्युअलमधे दिलेलं असतं, फोर स्ट्रोक चुकीच्या कुशीवर ठेवलं तर ऑइल नको तिथे जातं. खाऱ्या पाण्यातून काढलं की गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवायचं, हे वाडीतच करा, बिल्डिंगखाली पिंपात इंजिन चालू केलं तर वरच्या बाल्कनीतून काय ऐकू येतं ते मी लिहू शकत नाही.

कागदपत्रांचं एवढंच की इंजिन लावलं की नोंदणीचा विषय येतो, महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात आधी जाऊन विचारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा बोट बाहेर काढायचीच नाही. लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही, आणि इंजिनाची ती लाल गुंडाळीची, ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला, कारण दांडा धरून चालवणारा बाहेर फेकला गेला तर रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

उजनीसाठी चालेल का असं बऱ्याच जणांनी विचारलंय. चालते, भिगवणकडचा फुगवटा म्हणजे रुंद आणि उथळच आहे, खाडीपेक्षा वारा जास्त मोकळा. पण तिथे भरती-ओहोटी नाही, पाणी महिन्यामहिन्याने उतरतं, आणि उन्हाळ्यात पळसदेवचं देऊळ वर येतं तसे बुडालेल्या गावांचे दगड, विहिरींचे कठडे, झाडांचे बुंधे फूट-दीड फूट पाण्याखाली येऊन बसतात, वरून काही दिसत नाही. पंखा त्याच्यावर बसला तर पाती वाकतात, नशीब नसेल तर खालचा गिअरच जातो. स्थानिक माणूस सोबत घ्या आणि धरणावर इंजिन घालायची, गळ टाकायची परवानगी आहे का ते आधी बघा, बहुतेक ठिकाणी मासेमारी सोसायट्यांकडे ठेक्याने असते आणि त्यांचं बरोबर आहे, त्यांचं पोट त्याच्यावर आहे.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. एकटेच जाणार असाल तर नको, एकट्याला चिखलातून ही हलत नाही, त्यापेक्षा बारा फुटी कयाक बघा. घरच्यांना फिरवायचं असेल तर नको, सावली नाही, आणि छत लावलं की वाऱ्यात शीड होतं. परत ऑर्डर दिली तर लांबी हीच ठेवीन, रुंदी सहा इंच वाढवून साडेपाच फूट करीन, मधली फळी कायमची न ठोकता काढता-घालता येईल अशी, कडा हातभर उंच ऐवजी चार इंच अजून वर, पाणी काढायचं बुच मागे एक ऐवजी दोन, आणि रंग पांढरा नाही, पांढरा दुपारी डोळ्यात जातो, मळकट हिरवा किंवा राखाडी. कारखानेवाले यातलं रंग सोडून बाकी सगळं ऐकून घेतात, रंगाला म्हणतात साहेब पांढराच उठून दिसतो.